गटारातली अक्षरे आणि चेटकिणीचा वाडा: अमेरिकेतील बागांमध्ये तुम्ही काय काय पाहिले?

उपसागरवासी:

गेल्या वर्षी आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. बाबा भूमी अभिलेख खात्यातून भूमापक म्हणून निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यात बांधाबांधांवरून हिंडत हद्दीचे दगड शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे चालताना समोर न पाहता पायाखाली पाहण्याची त्यांची सवय अजून सुटलेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्युना व्हिस्टा उद्यानात आम्ही टेकडी चढत होतो. मी आईला झाडांच्या फटीतून दिसणारा पूल दाखवत होते आणि आईचे सगळे लक्ष बाक कुठे आहे याकडे होते. तेवढ्यात मागून बाबांची हाक आली, "अगं, इकडे ये. या गटारात काहीतरी लिहिलंय."

पायवाटेच्या कडेने पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी दगडांची उथळ पन्हळ केलेली आहे. बाबांनी काठीने निलगिरीची ओली पाने बाजूला सारली, तेव्हा खाली पांढऱ्या संगमरवराचा एक तुकडा दिसला. त्यावर कोरलेली तीन इंग्रजी अक्षरे आमच्या दृष्टीने उलटी होती, आणि चौथे अक्षर दगड फुटला तिथे अर्धवट राहिले होते. ते थडग्यावरच्या शिळेचे तुकडे असावेत हे आईच्या आमच्या आधी लक्षात आले आणि तिने आपसूक पाय मागे घेतला.

घरी येऊन वाचले तेव्हा उलगडा झाला. सॅन फ्रान्सिस्कोने विसाव्या शतकाच्या आरंभी शहराच्या हद्दीत नव्याने दफन करण्यास बंदी घातली. पुढे जागेचे भाव वाढत गेले तशा जुन्या दफनभूमीही शहराला नकोशा झाल्या, आणि १९४० च्या दशकापर्यंत बहुतेक मृतदेह उकरून दक्षिणेला कोल्मा नावाच्या गावी नेण्यात आले. आज त्या गावात जिवंत माणसे दीड हजारांच्या आसपास आहेत आणि पुरलेली माणसे सुमारे पंधरा लाख आहेत. शिळा मात्र देहाबरोबर आपोआप गेल्या नाहीत. त्या हलवायच्या तर खर्च वारसांनी करायचा होता, आणि ज्यांचे वारस उरले नव्हते किंवा पुढे आले नाहीत, त्यांच्या शिळा शहराने बांधकामाचा दगड म्हणून वापरल्या. काही समुद्राच्या धक्क्यात गेल्या. काही १९३० च्या दशकात, महामंदीच्या काळात, आपल्या रोजगार हमीसारख्या सरकारी योजनेवरच्या मजुरांनी या उद्यानाच्या गटारांत बसवल्या. बहुतेकांची कोरलेली बाजू जमिनीकडे आहे आणि थोड्यांची वर राहिली आहे.

तेव्हापासून मला असे वाटू लागले आहे की अमेरिकेतील शहरी उद्यान म्हणजे त्या शहराचा माळा असावा. घरात ठेवता येत नाही आणि टाकूनही देववत नाही, अशी वस्तू आपण जशी माळ्यावर चढवतो, तशी शहरे ती बागेत नेऊन ठेवतात. हा धागा त्यासाठीच काढला आहे. प्रवासी कंपन्यांच्या यादीतली स्थळे नकोत. तुमच्या गावच्या बागेत तुम्ही स्वतः पाहिलेली आणि जिचा मागोवा घ्यावासा वाटला अशी गोष्ट लिहावी.

सनसेटचे धुके:

ताई, तुमच्या माळ्याच्या कल्पनेला आमच्या गोल्डन गेट उद्यानाइतका दुसरा पुरावा सापडणार नाही. मुळात ही हजार एकरांची 'नैसर्गिक' हिरवाई वाळूच्या टेकड्यांवर रचून काढलेली आहे. पश्चिम टोकाला ज्या दोन पवनचक्क्यांसमोर आपले सगळे पाहुणे छायाचित्रे काढतात, त्या शोभेसाठी उभारलेल्या नव्हत्या. जमिनीखालचे पाणी उपसून झाडे जगवण्यासाठी १९०३ आणि १९०८ साली त्या बांधल्या आणि विजेचे पंप आल्यावर निवृत्त झाल्या. उद्यानाचे दीर्घकाळचे अधीक्षक जॉन मॅक्लॅरन यांना पुतळ्यांचा मनस्वी तिटकारा होता. शहराने पुतळा बसवला की ते त्याच्याभोवती झुडपे लावत आणि काही वर्षांत तो पुतळा पानांआड जाई. त्यांचा स्वतःचा पुतळा आज चौथऱ्याविना थेट जमिनीवर उभा आहे, ही त्यातल्या त्यात त्यांची राखलेली मर्जी म्हणायची.

दगडांचे म्हणाल तर इथे एक आख्खा मठ सांडलेला आहे. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी १९३१ साली स्पेनमधील सांता मारिया दे ओव्हिला या मध्ययुगीन मठाच्या इमारती विकत घेतल्या आणि दगड सुटे करून, खोक्यांत भरून, जहाजांनी इकडे आणवले. पुढे पैशाची चणचण भासू लागली आणि १९४१ साली त्यांनी ते सगळे दगड शहराला दिले. शहर त्याचे संग्रहालय करणार होते. प्रत्यक्षात खोकी उद्यानात उघड्यावर पडून राहिली आणि त्यांना वारंवार आगी लागल्या. कोणता दगड कुठे बसवायचा याच्या खुणाही त्यात नष्ट झाल्या. सभागृहाचे दगड अखेरीस उत्तर कॅलिफोर्नियातील व्हायना येथील साधूंना मिळाले आणि त्यांनी ते पुन्हा उभे केले. उरलेले दगड उद्यानात कुंपणाच्या भिंतींत आणि वाफ्यांच्या कडांना लागलेले आहेत. वनस्पती उद्यानात आपण डबा खायला ज्या कट्ट्यावर बसतो, त्यावर एखादी घडीव गोलाई दिसली तर हात फिरवून पाहावा.

याच उद्यानात काही काळ एक शिवलिंगही होते. रस्त्यावर वाहने अडवण्यासाठी असतो तसला ग्रॅनाइटचा गोल माथ्याचा एक खांब पालिकेच्या माणसांनी झाडीत टाकून दिला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोणाला तरी त्यात शिवलिंग दिसले. फुले, दूध आणि उदबत्त्या सुरू झाल्या आणि लांबून भाविक येऊ लागले. सार्वजनिक जागेत एका धर्माचे पूजास्थान चालवू देता येणार नाही, अशी शहराची भूमिका होती. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि १९९४ साली तडजोड होऊन तो दगड उद्यानाबाहेर एका भक्ताकडे हलवण्यात आला.

वाचनमात्र (पुणे):

दगडाला शेंदूर फासला की देव होतो, हे आमच्याकडे नवीन नाही. पालिकेने त्याला स्वखर्चाने नव्या जागी पोहोचवणे मात्र नवीन आहे. एरवी आमच्या चौकात रस्ता वळतो, देव वळत नाही.

सनसेटचे धुके:

तुमचा विनोद मान्य आहे, पण मला ती गोष्ट हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. त्या दगडाला देव मानणाऱ्यांत भारतीय होते तसे स्थानिक अमेरिकन लोकही होते. मठाचे दगड त्याच उद्यानात पन्नास वर्षे जळत आणि भिजत पडले, त्यांची फारशी कोणी विचारपूस केली नाही. टाकून दिलेल्या एका खांबावर मात्र शहराच्या वकिलांना वेळ घालवावा लागला, कारण त्याच्यासाठी रोज पहाटे येऊन उभी राहणारी माणसे होती.

युनियन सरोवराच्या काठी:

सिअ‍ॅटलमध्ये आम्ही माळ्यावर सबंध कारखाना चढवून ठेवला आहे. गॅस वर्क्स पार्क या नावातच ते आहे. १९०६ ते १९५६ या काळात इथे आधी कोळशापासून आणि नंतर तेलापासून दिव्यांचा आणि चुलींचा वायू तयार होत असे. नैसर्गिक वायूची वाहिनी शहरात आल्यावर कारखाना बंद पडला. शहराने जागा घेतली तेव्हा सगळे भुईसपाट करून हिरवळ करावी, असेच बहुतेकांना वाटत होते. उद्यानरचनाकार रिचर्ड हाग यांनी त्या आवारातील लोहारशाळेतच आपले कार्यालय थाटले आणि मनोरे पाडू नयेत म्हणून लोकांची मने वळवली. १९७५ साली उद्यान खुले झाले. पंपांची आणि कॉम्प्रेसरची शेड आता मुलांच्या खेळण्याची जागा आहे. भडक रंग दिलेल्या प्रचंड चाकांना लोंबकळणारी माझी मुलगी त्याला 'आपले यंत्र' म्हणते.

पतंगांची टेकडी म्हणून जी ओळखली जाते ती पाडकामाचा राडारोडा एकत्र करून त्यावर माती टाकून केलेली आहे. तिच्या माथ्यावर जमिनीत एक घड्याळ आहे, ज्यात काटा नाही. महिन्याप्रमाणे ठरलेल्या जागी आपण उभे राहायचे आणि आपली सावली ज्या खुणेवर पडेल ती वेळ वाचायची. सिअ‍ॅटलच्या हवेत वर्षातले बरेच दिवस ते बंदच असते, हा भाग वेगळा.

या जागेचे कौतुक करताना एक गोष्ट झाकू नये. पन्नास वर्षांचे डांबर आणि रसायने मातीत मुरलेली आहेत. हाग यांनी मातीत सेंद्रिय खत आणि सांडपाण्याचा गाळ मिसळून जिवाणूंकरवी ती स्वच्छ करण्याचा प्रयत्न केला, तो त्या काळाच्या पुढचा होता, पण पुरा पडला नाही. १९८४ साली तपासणीसाठी उद्यान काही काळ बंद ठेवावे लागले होते आणि अजूनही सरोवराच्या त्या काठावरून पाण्यात उतरायला मनाई आहे. समोर एवढे निळे पाणी असून मुलांना त्यात पाय का बुडवू देत नाहीत, याचे उत्तर माझ्या सासूबाईंना दर खेपेस नव्याने द्यावे लागते.

विलॅमेटकर:

पोर्टलंडच्या फॉरेस्ट पार्कमध्ये बाल्च ओढ्याच्या काठाने मैलभर चढले की 'चेटकिणीचा वाडा' लागतो. छप्पर नाही, दारे नाहीत, भिंतींवर हातभर शेवाळ आणि त्यावर रंगाच्या फवाऱ्यांनी लिहिलेली प्रेमिकांची नावे आहेत. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ तिथे प्रत्येक नव्या पाहुण्याला ऐकवतात की याच घरात एका बापाने जावयाचा खून केला आणि त्याचे भूत इथे फिरते.

यातला खून खरा आहे. डॅनफर्ड बाल्च याची या ओढ्याकाठी जमीन होती. त्याच्या मुलीने त्याच्या मर्जीविरुद्ध मॉर्टिमर स्टंप नावाच्या गड्याशी पळून जाऊन लग्न केले. १८५८ साली बाल्चने बंदुकीने त्याला भर गर्दीत मारले, पण ते शहरात नावेच्या धक्क्यावर, या रानात नव्हे. पुढच्या वर्षी त्याला फाशी झाली. ओढ्याला मात्र त्याचेच नाव राहिले आणि शहराने पुढे कित्येक वर्षे त्या ओढ्याचे पाणी प्यायले.

आता वाडा. तो खुनानंतर पाऊण शतकाने, १९३० च्या दशकात, धागाकर्तीने उल्लेखलेल्या त्याच रोजगार योजनेत बांधला गेला आणि तो चालणाऱ्यांच्या सोयीसाठी बांधलेले सार्वजनिक शौचालय होता. १९६२ च्या ऑक्टोबरमधील मोठ्या वादळात त्याची नळवाहिनी मोडली, दुरुस्ती परवडेना, म्हणून छप्पर आणि लाकूड काढून नुसत्या भिंती ठेवल्या. ज्या भुताच्या भेटीसाठी पोरे रात्री विजेऱ्या घेऊन जातात, ते भूत निवासासाठी शौचालय निवडणार असेल तर त्याची कीव करावी.

त्याच गावात जगातील सर्वांत लहान म्हणून गाजलेली बागही आहे. ती दोन फूट व्यासाची असून वर्दळीच्या रस्त्याच्या दुभाजकात आहे. दिव्याच्या खांबासाठी खणलेला खड्डा रिकामा राहिला आणि त्यात तण माजले. समोरच्या इमारतीत बसणारे पत्रकार डिक फॅगन यांनी त्यात फुलझाडे लावली आणि १९४८ पासून आपल्या स्तंभातून त्या खड्ड्यात राहणाऱ्या एका आयरिश बुटक्याच्या गोष्टी लिहिल्या. मिल एंड्स, म्हणजे लाकडाच्या वखारीत उरणारे तुकडे, हे त्या स्तंभाचे नाव बागेला मिळाले. फॅगन वारल्यानंतर १९७६ साली शहराने तिला अधिकृत उद्यान म्हणून मान्यता दिली. २०२५ साली जपानमधील एका बागेने हा विक्रम हिरावून घेतला, याचे इथे जरा दुःख आहे.

चार्ल्सकाठ:

बॉस्टनच्या पब्लिक गार्डनमध्ये हंसाच्या आकाराच्या होड्यांपाशी सगळे थांबतात, त्यामुळे वायव्येच्या कोपऱ्यातला स्तंभ एकटाच असतो. तो ईथरच्या सन्मानार्थ, म्हणजे चक्क एका रसायनासाठी, १८६८ साली उभारलेला आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी इथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात ईथर हुंगवून रुग्णाला वेदना न होता शस्त्रक्रिया करता येते, हे जाहीरपणे दाखवण्यात आले. स्तंभावर या घटनेचा उल्लेख आहे. शोध लावणाऱ्याचे नाव मात्र कुठेही नाही. दंतवैद्य विल्यम मॉर्टन आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स जॅक्सन यांच्यात शोध कोणाचा यावरून कडाक्याचा वाद चालू होता आणि जॉर्जियातील क्रॉफर्ड लाँग यांनी तर १८४२ सालीच ईथर वापरले होते. म्हणून वर डॉक्टरऐवजी बायबलमधील परोपकारी वाटसरू एका जखमी माणसाला मांडीवर घेऊन बसवला आहे. समितीला सगळ्यांची मर्जी राखायची असली की काय निष्पन्न होते, ते ग्रॅनाइटमध्ये पाहायचे असेल तर इथे यावे. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या कोनशिलेवरही शेवटी फक्त 'समस्त रहिवासी' एवढेच आले होते.

हडसनपलीकडचा:

मी जर्सीत राहतो आणि कामाला मॅनहॅटनमध्ये जातो, त्यामुळे सेंट्रल पार्क माझ्या दुपारच्या चालण्याचा आहे. प्रथम एक उपयोगाची गोष्ट सांगतो. तिथल्या दिव्याच्या खांबांवर कमरेच्या उंचीला चार आकड्यांची लहान पट्टी असते. पहिले दोन आकडे जवळच्या आडव्या रस्त्याचा क्रमांक सांगतात, आणि शेवटचा आकडा सम असेल तर आपण पूर्वेच्या अंगाला असतो, विषम असेल तर पश्चिमेच्या. ७५०३ म्हणजे पंचाहत्तरावा रस्ता, पश्चिम बाजू. मोबाइलची रेंज गेलेली असताना झाडीत हरवलेल्या दोन मराठी कुटुंबांना मी या विद्येच्या जोरावर बाहेर काढले आहे.

याच उद्यानाच्या पश्चिमेला, ब्याऐंशी ते एकोणनव्वद या रस्त्यांच्या दरम्यान, जिथे आज लोक चादरी पसरून पडतात, तिथे सेनेका नावाचे गाव होते. अँड्र्यू विल्यम्स या कृष्णवर्णीय तरुणाने, जो बूट पॉलिश करून पोट भरत असे, १८२५ साली तिथे १२५ डॉलरला तीन भूखंड घेतले आणि त्याच्यामागून वस्ती वाढत गेली. १८५५ पर्यंत तिथे सुमारे सव्वादोनशे माणसे, तीन चर्च आणि एक शाळा होती. कृष्णवर्णीयांबरोबर आयरिश कुटुंबेही होती. न्यू यॉर्कमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता नावावर असावी लागे, त्यामुळे तिथल्या चार भिंतींचे मोल नुसत्या निवाऱ्यापेक्षा अधिक होते. उद्यानासाठी भूसंपादन झाले, वर्तमानपत्रांनी वस्तीला झोपडपट्टी ठरवले आणि १८५७ साली सर्वांना हलवण्यात आले. २०११ साली पुरातत्त्वज्ञांनी तिथे खणले तेव्हा एका घराचा दगडी पाया आणि लोखंडी किटली मिळाली, आणि लहान मुलाचा एक चामडी बूटही मिळाला. दीडशे वर्षे ती जागा 'पूर्वी मोकळे रान होते' असेच बहुतेकांना वाटत होते. धागाकर्तीची माळ्याची उपमा मला आवडली, पण इथे ती पुरत नाही, कारण इथे माळाच कोणाच्या तरी घरावर बांधलेला आहे.

तुमच्या वडिलांसाठी मात्र एक खास वस्तू राखून ठेवली आहे. मॅनहॅटनचे काटकोनी रस्ते १८११ च्या आराखड्याने ठरले. ते जमिनीवर प्रत्यक्ष मोजून आखण्याचे काम जॉन रँडल या तरुण भूमापकाने केले. शेतमालकांनी त्याच्यावर कुत्री सोडली, हद्दीत घुसला म्हणून त्याला अटक करवली आणि रोवलेल्या खुंट्या उपटून टाकल्या. तरीही त्याने चौकाचौकांच्या जागी १,५४९ संगमरवरी खांब रोवले आणि जिथे खडक लागला तिथे ९८ लोखंडी खिळे ठोकले. पुढे उद्यान झाल्यामुळे काही चौक कधी झालेच नाहीत. अशा एका न झालेल्या चौकाचा खिळा उद्यानातल्या एका खडकात आजही आहे. ज्यांना जागा ठाऊक आहे ते ती सांगत नाहीत. मला तो दोन हिवाळे शोधल्यावर सापडला. बोटाच्या पेराएवढा, गंजून काळा झालेला चौकोनी लोखंडाचा तुकडा आहे आणि शिशाने खडकात पक्का बसवलेला आहे.

पोकीप्सीहून:

थोडे विषयाच्या कडेने लिहिते, पण ते इथेच शोभेल. अमेरिकेत सार्वजनिक उद्याने होण्याआधी शहरातली माणसे रविवारी फिरायला आणि शिदोरी खायला वळणावळणांच्या रस्त्यांच्या, तळी आणि झाडे असलेल्या दफनभूमींत जात. १८३१ मधील बॉस्टनजवळची माउंट ऑबर्न ही त्यांतली पहिली मानतात, आणि मोठ्या बागांची कल्पना लोकांना पटली ती बरीचशी त्यांच्यामुळे. आमच्या गावची दफनभूमी त्याच घडणीची आहे. तिथे कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी आहेत. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर होऊन त्या परतल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, आणि ज्यांनी त्यांना लेकीसारखे सांभाळले त्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे अस्थी पाठवण्यात आल्या. शिळा साधी आहे. मी गेले तेव्हा तिच्यावर कोणीतरी काचेच्या दोन हिरव्या बांगड्या ठेवलेल्या होत्या.

उपसागरवासी:

सर्वांचे आभार. हा धागा मी बाबांना दूरध्वनीवरून दोन संध्याकाळी वाचून दाखवला. वाड्याची गोष्ट आईला आवडली. सेनेका गावाबद्दल ऐकल्यावर बाबांनी मोबदला किती दिला, पंचनामे झाले का, उतारे कोणाच्या नावावर होते, असे विचारले, आणि मला उत्तरे देता आली नाहीत. रँडलच्या उपटलेल्या खुंट्यांचे ऐकून मात्र ते मनापासून हसले. बांध कोरणारे इथूनतिथून सारखेच, म्हणाले.

हडसनपलीकडचे दादा, मी त्यांना विचारले होते की तुमच्याकडून त्या खिळ्याची जागा मागू का. त्यावर ते म्हणाले, "मागू नकोस. हद्दीची एकच खूण शिल्लक असली ना, की ती कुठे आहे हे गावात कुणाला सांगायचं नसतं. रात्रीतून जाते." छायाचित्र असेल तर तेवढे पाठवावे, आजूबाजूची झाडे त्यात येऊ देऊ नयेत, असा त्यांचा निरोप आहे.